इथिओपियाचे कॉफीदाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरीच थोडे थोडे दाणे भाजते आणि ओळखीच्यांना देते. गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त प्रश्न आले ते इथिओपियाच्या दाण्यांबद्दल. तीच उत्तरं प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांत देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. या दाण्यांवर माझा जीव आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

इथिओपियाच्या कॉफीची चव नेमकी कशी असते?

महाराष्ट्रातला रस्सा कसा लागतो, असं कुणी विचारलं तर आपण आधी विचारू की कोल्हापूरचा, मालवणचा की नागपूरचा? इथंही तसंच आहे. यिर्गाचेफची धुतलेली (पुढे ‘वॉश्ड’ म्हटलं आहे ती) कॉफी हलकी असते. तिला मोगऱ्यासारखा वास येतो आणि लिंबाच्या सालीसारखा आंबटपणा असतो, पहिल्यांदा पिणाऱ्याला तर चहाच वाटतो. हरारची कॉफी उन्हात फळासकट वाळवलेली, जड, जांभळासारखी, थोडी आंबवलेल्या द्राक्षांकडे झुकणारी. जिम्माकडची मातकट, मसाल्याच्या अंगाची. तिन्ही एकाच देशातल्या आणि तिन्ही अरेबिका या एकाच कॉफीजातीच्या. एका पाकिटावरून ‘इथिओपियाची कॉफी मला आवडत नाही’ असं ठरवून टाकणारे लोक भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

कॉफी मूळची तिथलीच, हे खरं का?

अरेबिका जातीपुरतं होय. इथिओपियाच्या नैर्ऋत्येला, काफा आणि आसपासच्या डोंगराळ जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत अरेबिका आजही आपोआप उगवते. जंगली अरेबिकाचं खरं घर तेच. काफा आणि यायू ही दोन जंगलं २०१० पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांमध्ये आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते फार पूर्वी रोबस्टा (कॅनेफोरा) आणि युजेनिऑइडिस या दोन जातींचा निसर्गातच संकर होऊन अरेबिका तयार झाली. म्हणून तिच्या पेशीत ४४ गुणसूत्रं असतात, तर आई-बापांच्या पेशींत बावीस-बावीस.

पेय म्हणून कॉफी पिण्याची पक्की नोंद मात्र मिळते ती तांबड्या समुद्रापलीकडे, येमेनमध्ये, पंधराव्या शतकातल्या सूफींकडे. रात्रभर जप करताना जागं राहायला ते ती पीत. रोप इथिओपियाचं आणि रीत येमेनची, असं मी थोडक्यात सांगते.

शेळ्या नाचल्या आणि कॉफीचा शोध लागला, ती गोष्ट?

गोड आहे, पण इतिहास म्हणून सांगू नका. ती छापील रूपात दिसते ती १६७१ साली रोममध्ये निघालेल्या एका लॅटिन पुस्तकात, म्हणजे कॉफी जगभर पसरल्यानंतर. गुराख्याचं ‘काल्दी’ हे नाव तर त्याच्याही नंतर चिकटलेलं.

‘बुन्ना’ आणि आपलं ‘बुंद’ यांचा संबंध आहे का?

इथिओपियाच्या अम्हारिक भाषेत कॉफीला बुन्ना म्हणतात, अरबीत दाण्याला बुन्न. आपल्याकडे जुन्या मराठीत कॉफीच्या बीला बुंद म्हणत, तो शब्द याच घराण्यातला. ‘काफा’ प्रांतावरून ‘कॉफी’ हा शब्द आला असं सर्रास सांगितलं जातं, पण त्याबद्दल वाद आहे. अरबी ‘कहवा’ तुर्कीमार्गे युरोपात गेला, हे जास्त पटण्यासारखं आहे.

पाकिटावर यिर्गाचेफ, सिदामा, गुजी असं काय काय लिहिलेलं असतं. ही जातींची नावं का?

नाही, ही गावांची आणि प्रदेशांची नावं आहेत. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

यिर्गाचेफ हे दक्षिणेतल्या गेडिओ भागातलं गाव आणि त्याच्या भोवतालचा तालुका. उंची साधारण १,७०० ते २,२०० मीटर. गेडिओ लोकांची शेती बघण्यासारखी आहे. वर मोठी सावलीची झाडं, मध्ये एन्सेट, खाली कॉफी. एन्सेट दिसायला अगदी केळीसारखं, पण त्याचं फळ खात नाहीत. खोडाचा आणि कंदाचा गर आंबवून त्याची भाकरीसारखी पोळी करतात. पोटाला एन्सेट आणि हातात पैसा यायला कॉफी, दोन्ही एकाच परसात. हा सगळा प्रदेश २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

सिदामा हा शेजारचा प्रदेश. २०१९ मध्ये तिथं सार्वमत झालं आणि २०२० मध्ये त्याचं स्वतंत्र राज्य झालं. व्यापारात अजून जुनं ‘सिदामो’ हे नाव चालतं आणि पूर्वी त्यात आजूबाजूचा बराच माल धरला जायचा, म्हणून जुन्या पाकिटावरचं सिदामो आणि आजचं सिदामा तंतोतंत एक नव्हे. गुजी दक्षिणेला, ओरोमिया राज्यात. त्याचा मालही पूर्वी सिदामोच्याच नावानं जायचा, आता स्वतःच्या नावानं जातो आणि त्याला भाव चांगला आहे. लिमू आणि जिम्मा पश्चिमेकडचे. हरार पूर्वेला, कोरड्या हवेतलं. तिथं पाणी कमी, म्हणून कॉफी उन्हातच वाळवायची पद्धत. त्याच डोंगरांवर ‘खात’ नावाच्या, चघळायच्या पानाचं पीक कॉफीची जागा घेत चाललंय, कारण त्याची पानं वर्षातून अनेकदा खुडता येतात आणि रोख पैसा लगेच मिळतो. शेतकऱ्याला यात दोष कसा देणार?

मग जातीच्या जागी ‘हेअरलूम’ लिहितात त्याचा अर्थ काय?

खरं सांगायचं तर, ‘नेमकी कोणती जात ते आम्ही लिहिलेलं नाही’ असा. बाकीच्या जगातली बहुतेक अरेबिका येमेनमधून बाहेर पडलेल्या मोजक्या बियांची संतती आहे, त्यामुळे तिच्यात विविधता फार थोडी. इथिओपियात उलटं आहे. शेतकऱ्यानं जंगलातून रोप आणलं, शेजाऱ्याकडून बी घेतलं, आजोबांनी लावलेलं झाड ठेवलं, आणि हे सगळं एकाच परसात. एका पोत्यात किती प्रकार असतील ते कुणी मोजत नाही.

पण सगळंच अनाम आहे असंही नाही. १९७१ मध्ये तिथं फळ कुजवणारा एक बुरशीजन्य रोग शिरला आणि बागाच्या बागा हातच्या गेल्या. जिम्माच्या कृषी संशोधन केंद्रानं मग जंगलांत आणि शेतांत हिंडून रोगाला दाद न देणारी झाडं शोधली. ७४११०, ७४११२, ७४१५८ असे आकडे पाकिटावर दिसले तर ती याच कामातून आलेली वाणं. पहिले दोन अंक निवडीच्या सालाचे, १९७४. मला हे आकडे ‘हेअरलूम’ या शब्दापेक्षा कितीतरी जास्त आवडतात, कारण त्यांच्यामागं कुणीतरी डोंगर तुडवल्याची खूण आहे. शेतकऱ्यांची स्वतःचीही नावं आहेत. कुरुमे, देगा, वोलिशो ही स्थानिक झाडांवरून किंवा झाडाच्या ठेवणीवरून पडलेली.

आणि गेशा हे वाण?

बेंच माजी भागातल्या गेशा जंगलाच्या आसपासचं बी १९३०च्या दशकात गोळा झालं. ते केनिया, टांझानिया असं फिरत १९५३ मध्ये कोस्टा रिकाच्या संशोधन केंद्रात आणि तिथून पनामात पोचलं. २००४ मध्ये पनामाच्या एका स्पर्धेत त्या झाडाच्या कॉफीनं सगळ्यांना चकित केलं, आणि तेव्हापासून तिचे भाव आभाळाला भिडले. बी इथिओपियाचं, पण लिलावातला पैसा गेला पनामाला.

‘वॉश्ड’ आणि ‘नॅचरल’ यांत काय फरक?

कॉफीचं फळ पिकल्यावर लालबुंद होतं, करवंदाएवढं. आत बहुधा दोन बिया, त्यांवर चिकट गर.

नॅचरलमध्ये फळ तसंच्या तसं वाळवतात. जमिनीवर नाही, कमरेएवढ्या उंच लाकडी माच्यांवर जाळी किंवा चटई अंथरून, म्हणजे खालूनही हवा लागते. दोन ते चार आठवडे ऊन द्यायचं, दिवसातून अनेकदा हातानं हलवायचं, दुपारच्या कडक उन्हात आणि रात्री झाकायचं. हे काम आणि निवडणीचं काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. एकही आंबलेलं फळ राहिलं तर ते शेजारच्या दहांना नासवतं. वाळवणं केलेल्या कुठल्याही मराठी घरातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वॉश्डमध्ये फळाची साल यंत्रानं काढतात, बिया हौदात दीडेक ते तीन दिवस आंबवतात, गर सुटला की पाटात भरपूर पाण्यानं धुतात आणि मग वाळवतात. इथिओपियात ही पद्धत १९७०च्या दशकात रुजली. त्याआधी बहुतेक सगळं उन्हात वाळवलेलं.

पहिल्यांदा घेत असाल तर आधी वॉश्ड घ्या. नॅचरलची फळांची चव काहींना वेड लावते, काहींना ‘कॉफी नासली का?’ असं वाटतं.

माझ्या पाकिटातले दाणे बारीक आणि लहानमोठे आहेत. फसवणूक झाली का?

नाही. एकाच पोत्यात कितीतरी परसांतले दाणे एकत्र येतात म्हटल्यावर ते एकसारखे कसे असतील? उंचावर फळ हळू पिकतं, त्यामुळे दाणा लहान आणि कठीण होतो. भाजल्यावर एखादा दाणा फिकट, शेंगदाण्याच्या रंगाचा राहिला तर तो कच्च्या फळाचा. तेवढे वेचून टाका, कप लगेच सुधारतो. मी शंभर ग्रॅममधले पाच-सहा तरी काढतेच.

‘ग्रेड १’ म्हणजे सर्वांत चांगली का?

दोष सर्वांत कमी असलेली. दगड, किडका दाणा, काळा दाणा हे मोजून आणि कप चाखून दर्जा ठरतो. बहुतेक वेळा चवही चांगलीच निघते. पण नीट जपलेली ग्रेड २ ही दीड वर्ष गोदामात पडलेल्या ग्रेड १ पेक्षा केव्हाही बरी.

पाकिटावर शेतकऱ्याचं नाव का नसतं?

कारण तिथल्या शेतकऱ्याकडं सहसा एखादा हेक्टरही जमीन नसते. तो टोपलीभर, पोतंभर फळ जवळच्या धुलाई केंद्रावर नेऊन घालतो आणि तिथं शेकडो जणांचं फळ एकत्र होतं. आपल्याकडच्या दूध डेअरीसारखं. म्हणून पाकिटावर केंद्राचं किंवा सोसायटीचं नाव असेल तर ते पुष्कळ प्रामाणिक लेबल आहे.

याला बाजाराचंही कारण होतं. २००८ मध्ये अदिस अबाबात ईसीएक्स हा शेतमाल विनिमय बाजार सुरू झाला. त्याची उभारणी अर्थतज्ज्ञ एलेनी गेब्रे-मेधिन यांच्या पुढाकारानं झाली. उद्देश चांगला होता. शेतकऱ्याला भाव कळावा, पैसे वेळेवर मिळावेत, दलालावर अवलंबून राहावं लागू नये. पण कॉफी तिथं प्रदेश आणि दर्जाप्रमाणे एका ढिगात जमा होई, आणि ती कुठल्या केंद्राची होती हे पुसलं जाई. सहकारी संघांना मात्र थेट निर्यातीची मुभा होती. २०१७ नंतर नियम बदलले, माग ठेवता येऊ लागला, आणि आज छोट्या केंद्रांची नावं वाचायला मिळतात ती त्यामुळे.

या नावांवर हक्क कुणाचा, यावरून काही वाद झाला होता ना?

झाला होता, आणि आपल्याला तो चांगला समजावा. २००५ मध्ये इथिओपिया सरकारनं अमेरिकेत यिर्गाचेफ, हरार आणि सिदामो या नावांच्या व्यापारचिन्हांसाठी अर्ज केले. तिथल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेनं विरोध केला, स्टारबक्सशी बराच ताणाताण झाली आणि २००७ मध्ये करार होऊन कंपनीनं ही नावं इथिओपियाची म्हणून मान्य केली. देवगड-रत्नागिरीच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दर उन्हाळ्यात भलताच आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातो, हे आपण बघतोच. नाव राखलं नाही तर कष्ट एकाचे आणि भाव दुसऱ्याला, ही गोष्ट तिकडची आणि इकडची एकच.

तिथले लोक स्वतः कॉफी कशी पितात?

भरपूर पितात. पिकाचा जवळजवळ निम्मा भाग देशातच संपतो. कॉफी पिकवणाऱ्या देशांत असं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

पुण्यात शिकायला आलेल्या एका इथिओपियन मुलीच्या खोलीवर मी ती रीत जवळून पाहिली. जमिनीवर गवत पसरायचं, ते नव्हतं म्हणून तिनं हिरव्या पानांची डहाळी ठेवली. धूप पेटवला. कच्चे दाणे आधी धुतले, मग सपाट तव्यावर सतत हलवत भाजले. रंग तांबूस झाला, तडतड सुरू झाली, तसा तिनं तवा उचलला आणि आम्हा प्रत्येकाच्या तोंडासमोर नेऊन हातानं धूर आमच्याकडं सारला. तो वास घेणं हा आदराचा भाग. मग खलबत्त्यात कुटून पूड केली आणि ती जेबेनात उकळली. जेबेना म्हणजे गोल बुडाची, उंच मानेची काळी मातीची सुरई. एका उंच धारेनं, कान नसलेल्या लहान कपांत कॉफी ओतली. सोबत मक्याच्या लाह्या. तीन वेळा तीच पूड उकळायची: पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बेरेका. बेरेका म्हणजे आशीर्वाद, आपली ‘बरकत’च. तिसऱ्या कपाआधी उठणं बरं दिसत नाही. सगळ्याला दीड तास लागला आणि तेवढ्या वेळात कुणीही फोन हातात घेतला नाही.

तिच्या कपात एक हिरवी काडी होती. वास ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, तर ती निघाली सताप! आपल्याकडं लहान मुलांच्या पोटदुखीवर देतात तीच. तिथं तिला ‘तेना अदाम’ म्हणतात, कॉफीत बुडवून काढतात. काही भागांत साखरेऐवजी मीठ किंवा लोणीही घालतात.

मग आपली दूध-साखर आणि जायफळ चालेल का?

हरार किंवा जिम्माकडच्या जरा गडद भाजलेल्या दाण्यांत चालेल, छान लागेल. मीही रविवारी करते. यिर्गाचेफच्या हलक्या भाजलेल्या वॉश्ड दाण्यांत मात्र दूध घालू नका, तो आंबटपणा दुधाशी भांडतो आणि मोगरा कुठल्या कुठं जातो. आधी दोन घोट कोरे घ्या, एवढीच विनंती.

घरी करायची कशी? यंत्र नाही.

यंत्र लागत नाही. १५ ग्रॅम दाणे जाडसर, भरड रव्याएवढे दळा. उकळी फुटल्यावर पाणी अर्धा मिनिट थांबवा आणि २४० मिलीलिटर पाणी पुडीवर ओता. चार मिनिटं झाकून ठेवा, वरचा फेस चमच्यानं काढा, गाळून घ्या. लगेच तोंडाला लावू नका. कोमट होत जाईल तशी चव उघडते. कढत कपात जे कळत नाही ते दहा मिनिटांनी कळतं.

दाक्षिणात्य फिल्टर असेल तर पूड जरा बारीक घ्या, पण चिकोरीचं मिश्रण नको.

घरी भाजताना काय सांभाळू?

दाणा कठीण, म्हणून सुरुवातीला आच लागते. पण नॅचरल दाण्यावर साल आणि साखर जास्त, म्हणून तो बाहेरून लवकर करपतो. लोखंडी कढई, मध्यम आच, हात थांबू द्यायचा नाही. पहिली तडतड संपता संपता उतरवा आणि सुपात पाखडून लगेच गार करा. कोंडा उडतो, खिडकीशी उभ्या राहा. वजन साधारण १५ टक्के घटतं. भाजलेले दाणे आठवडाभर तरी थांबवून मग वापरा.

एकदा मी एका दुकानातून ‘इथिओपिया’ एवढंच लिहिलेलं महागडं पाकीट आणलं होतं. दाणे काळेकुट्ट, तेलानं चकाकणारे. कप कडू, जळका. त्यातला इथिओपिया भट्टीतच संपला होता. इतक्या लांबून, इतक्या हातांतून आलेल्या दाण्याचं असं व्हायला नको होतं.

आपल्या भारतीय कॉफीत इथिओपियाचं काही आहे का?

आहे. बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या अशी परंपरा सांगते, ते लांबचं नातं. जवळचं नातं म्हणजे ‘सिलेक्शन ९’. हे भारतीय वाण ताफारीकेला या इथिओपियन झाडाचा तिमोर संकराशी (अरेबिका-रोबस्टाच्या नैसर्गिक संकराशी) मेळ घालून तयार केलं. कर्नाटकातल्या एखाद्या मळ्याची सिलेक्शन ९ मिळाली तर यिर्गाचेफच्या शेजारी ठेवून चाखा. आयात दाण्यांवर शुल्क जबर असल्यामुळे खिशालाही ती परवडते.

हवामान बदलाचा त्यांना फटका बसतोय का?

बसतोय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाचे शास्त्रज्ञ होते, असं दिसलं की काहीच उपाय केले नाहीत तर शतकाअखेर आजच्या लागवडक्षेत्रापैकी ३९ ते ५९ टक्के भाग कॉफीला योग्य राहणार नाही. शेती आणखी वर सरकवता येईल, पण डोंगर कुठंतरी संपतोच. जंगली अरेबिकाही आता आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. उद्या नवा रोग आला तर त्याला तोंड देणारं झाड जिथं सापडेल, ते हेच जंगल. १९७४ मध्ये सापडलं होतं तसं.

विकत घेताना काय बघू, आणि ठेवू कशी?

प्रदेश, धुलाई केंद्र, प्रक्रिया, भाजल्याची तारीख. यांतल्या निदान तीन गोष्टी पाकिटावर असाव्यात. तिथली तोडणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालते, त्यामुळे नव्या हंगामाचा कच्चा माल इकडं उन्हाळ्याच्या सुमारास दिसू लागतो. विक्रेत्याला हंगाम विचारा, चांगला विक्रेता आनंदानं सांगतो.

ठेवायची ती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात. रोज उघडायच्या फ्रिजमध्ये नको, दर वेळी दाण्यांना घाम सुटतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच घ्या, आणि मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. मी एकदा हिंगाच्या डबीजवळ ठेवली होती, सगळी पिशवी टाकावी लागली.